डाव्या नळीतला काटा

माझे मामा सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायचे. पाळी गावातली बाकीची माणसे सकाळी पूर्वेकडे तोंड करून हात जोडायची, आणि मामा नऊच्या सुमाराला अंगणात येऊन नेमके उलटे उभे राहायचे. समोर तिकाटण्यावर बसवलेली जुनी दुर्बीण, तिचे तोंड त्यांच्या खांद्यावरून सूर्याकडे, आणि मागच्या बाजूला वीतभर अंतरावर धरलेला पांढरा कागद. त्या कागदावर सूर्य उतरायचा, अगदी शांत, कोकमाच्या फळाएवढा. नवीन माणूस आला आणि दुर्बिणीला डोळा लावायला वाकला की मामा त्याला खांद्याला धरून मागे ओढायचे. "थेट बघलंस तर डोळे जातले. पाठ करून बघ," म्हणायचे.

गावात त्यांना सगळे डागमामा म्हणत. त्यामागची गोष्ट अशी. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मामा डिचोलीकडच्या एका खाणीवर सर्वेअर म्हणून लागले. डोंगर कुठून कुठपर्यंत आपला, खणायचे किती, माती टाकायची कुठे, हे सगळे मोजायचे काम. खरी उत्तर दिशा ठरवायची तर सर्वेअरला सूर्य धरावा लागतो. दुर्बिणीतून त्याची प्रतिमा वहीच्या पानावर पाडायची आणि कोन वाचायचा. एका सकाळी मामांना त्या पानावरच्या सूर्यात तीन काळे ठिपके दिसले. त्यांना वाटले खाणीची धूळ. फुंकर मारली, कागद बदलला, भिंग पुसले. ठिपके जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते थोडे पुढे सरकलेले होते. उत्तर दिशा सापडली की नाही ठाऊक नाही, पण मामा त्या दिवसापासून सूर्याचे झाले.

कंपनीने पुढे नवीन यंत्रे आणली आणि जुनी दुर्बीण मोडीत काढली. मामांनी ती घरी आणली. सोबत हपिसाच्या भिंतीवरचे एक थर्मामीटरही आणले. मग रोज सकाळी एक काम सुरू झाले. मामीच्या स्वयंपाकघरातला एक स्टीलचा कोप घ्यायचा, तो वहीवर उपडा घालून पेन्सिलीने वर्तुळ काढायचे, आणि त्यात त्या दिवसाचे डाग जसेच्या तसे भरायचे. पाणी प्यायचा तो कोप परत स्वयंपाकघरात कधी गेलाच नाही. पाहुणे जास्त झाले की मामी एक कोप कमी म्हणून कुरकुरायची आणि मामा ऐकू न आल्यासारखे करायचे. पावसाळ्याचे चार महिने वर्तुळात नुसते 'ढग' असे लिहिलेले असायचे. तेवढीच त्यांची रजा.

मोजण्याचा त्यांना नादच होता. माझ्या लग्नात मंडपाचा पूर्वेकडचा खांब झुकला आहे हे त्यांनी अक्षता पडण्याआधी माझ्या वडिलांच्या कानात सांगितले, आणि वडील पूर्ण लग्नभर त्या खांबाकडेच बघत राहिले. पेडण्याहून आमच्याकडून कोणी गेले की बस किती वाजता सुटली, म्हापशाला किती वेळ थांबली, साखळी गावाच्या पुढे किती ट्रक आडवे आले, हे विचारल्याशिवाय ते पाणी पुढे करत नसत. कोणी बेधडक काही बोलले की त्यांचे एकच वाक्य ठरलेले: "आदी मोज, मागीर बोल." मी भौतिकशास्त्र शिकले आणि पेडण्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना शिकवू लागले, त्यात या वाक्याचा वाटा मोठा आहे. हे मी त्यांना कधी सांगितले नाही. आमच्या घरात असले काही सांगायची पद्धत नव्हती.

थर्मामीटरबद्दल जरा सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. ती काचेची वाकवलेली नळी होती, इंग्रजी यू अक्षरासारखी. आत पारा, आणि दोन्ही बाजूंना पाऱ्यावर बसलेला एकेक बारीक लोखंडी काटा. पारा काट्याला ढकलत वर नेतो आणि परतताना त्याला तिथेच सोडून येतो. उजव्या नळीतला काटा दिवसाची सगळ्यात जास्त गरमी दाखवतो, डाव्या नळीतला रात्रीची सगळ्यात कमी. सकाळी एक लहानसा लोहचुंबक नळीवरून फिरवायचा आणि दोन्ही काटे ओढून परत पाऱ्यावर आणून ठेवायचे, म्हणजे नव्या दिवसाला नळी मोकळी. मामा रोज उजवा काटा वाचत, वर्तुळाशेजारी आकडा लिहीत, आणि मग चुंबक फिरवीत.

वीस-बावीस वर्षांच्या वह्या साठल्यावर मामांनी खाणीच्या जुन्या नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर एक लांबलचक आलेख काढला. वर डाग, खाली गरमी. अकरा-अकरा वर्षांनी डाग वाढतात आणि कमी होतात हे मला पुस्तकातून माहीत होते, त्यांना अंगणातून. त्यांच्या आलेखात दोन फेऱ्यांपुरत्या वरच्या आणि खालच्या रेघा बऱ्यापैकी हातात हात घालून चालल्या होत्या. झाले. वर्तमानपत्रांतून तापमानवाढीची चर्चा सुरू झाली, कोळसा, पेट्रोल, धूर असे शब्द येऊ लागले, तशी मामांनी संपादकांना पत्रे लिहायला घेतली. दोन-तीन छापूनही आली. त्यांचे म्हणणे सरळ होते. "सगळी ऊब त्याच्याकडसून येता. मगे गरमी वाढली, तर आदी जाब कोणाक विचारूचो?"

मी त्यांच्याशी भांडायचे. माझा स्वभावच तसा, आणि त्यात नवीन शिक्षकाचा ताठा. मे महिन्यात पाळीला गेले की सोप्यावर बसून आमचे तासन् तास चालायचे. हवेतला कार्बन वाढला आहे, तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही, सूर्याचे कमीजास्त होणे त्यापुढे फार थोडे आहे, असे मी पुस्तके दाखवून सांगायचे. मामा पुस्तक हातात घेत, कोणी मोजले, कुठे मोजले, किती वर्षे मोजले, असे विचारत, आणि माझे उत्तर पूर्ण झाले की आपली वही पुढे सरकवत. एकदा मी वैतागून म्हटले, "मामा, तुमच्या वह्या म्हणजे एका अंगणाचो हिशेब. त्यावरसून दुनियेचा काय कळतला?" ते उठून आत गेले आणि माझ्यासाठी कोकमाचे सरबत घेऊन आले.

नवे शतक सुरू होऊन काही वर्षे झाली आणि सूर्य शांत व्हायला लागला. त्या वर्षी गावच्या वाचनालयाने रविवारी मामांचे भाषण ठेवले. मी पेडण्याहून मुद्दाम गेले होते. तीस-चाळीस माणसे होती, बरीचशी खाणीवरची, ट्रकवाले, काही शेतकरी. मामांनी भिंतीवर आलेख टांगला, काठीने एकेक रेघ दाखवली, आणि शेवटी म्हणाले, "आता सूर्याचे डाग जातले. डाग गेले काय दोन वर्सांत गरमी उतरतली. नाय उतरली, तर माझ्यो सगळ्यो वह्यो मी न्हाणीच्या भाणाखाली घालतलंय." भाण म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा हंडा, त्याच्याखाली सदा चूल पेटलेली. लोक हसले. मामी शेवटच्या बाकावर बसली होती, ती हसली नाही. मामा दिलेला शब्द पाळतात हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होते.

डाग खरेच गेले. आठवडेच्या आठवडे मामा कोप उपडा घालून वर्तुळ काढत आणि आत काहीच भरत नसत. सुरुवातीला ते खूश होते. फोनवर मला सांगायचे, "आजय नितळ." मग मार्च आला, एप्रिल आला. उजव्या नळीतला काटा होता तिथेच जाऊन थांबत होता, कधी आणखी वर. मामांनी थर्मामीटर एका खांबावरून काढून दुसऱ्या खांबाला लावले. सोडावाल्याकडून बर्फ आणून त्यात बुडवून ते शून्य बरोबर दाखवते का ते तपासले. बरोबर दाखवत होते. वाचनालयात कोणीतरी विचारायचे, "डागमामा, थंडी खंय पावली?" मामा म्हणायचे, "पावता, पावता. चिरो एका दिसात थंड जायना." चिऱ्याचा दगड सावकाश निवतो तशी पृथ्वी निवेल, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या वर्षी त्यांनी चिऱ्याचे सांगणे बंद केले, आणि मग वाचनालयात जाणेही.

खरे सांगते, पहिल्या वर्षी मला बरे वाटले होते. माझे म्हणणे खरे ठरत होते आणि त्यासाठी मला काही करावेही लागत नव्हते. दुसऱ्या वर्षी एक दिवस फोनवर ते म्हणाले, "आजय नितळ," आणि त्यांनी लगेच फोन ठेवून दिला. तेव्हा माझी मला लाज वाटली. पस्तीसेक वर्षे एका माणसाने रोज सकाळी सूर्याला पाठ दाखवून जे जमवले, ते चुलीत जाणार होते, आणि त्यात बरे वाटण्यासारखे काय होते?

जानेवारीत एक जोडून सुट्टी आली तेव्हा मी पाळीला गेले. सकाळी उठून पाहते तर न्हाणीच्या दाराशी वह्यांचे चार ढीग लावलेले. मामा त्यांच्या शेजारी पाटावर बसले होते. चूल पेटलेली होती. दोन वर्षे आदल्या दिवशी भरली होती. मी म्हटले, "मामा, जाळू नकात. चूक वह्यांची नाय." ते म्हणाले, "लोकांसमोर बोललंय, बाय. बोललंय तां करूक होया." मी पुष्कळ समजावले. कोणी विचारायला येणार नाही, लोक विसरलेत, या नोंदी कोणाच्या तरी कामाला येतील. ते मान हलवीत राहिले आणि पहिली वही उचलून तिच्यावरची लाल धूळ झाडू लागले. जाळायच्या वहीवरची धूळ झाडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मामी पलीकडे स्वयंपाकघरात पोळे घालत होती. तांदूळ-उडदाच्या आंबवलेल्या पिठाचे, आमच्याकडे सकाळी होतात ते. ती हातात कालथा घेऊन दारात आली आणि मामांना म्हणाली, "वह्यो जाळूच्यो तर जाळा. पण पयली माका एक सांगा. पुसाच्या म्हयन्यात मी पिठाच्या मडक्याक कांबळ गुंडाळूची, तुमका याद आसा?"

मामांना आठवत होते. मलाही होते. थंडीच्या दिवसांत मामीच्या स्वयंपाकघरात ते मडके कांबळ पांघरून कोपऱ्यात बसलेले असायचे, चुलीच्या जवळ, आजारी माणसाला बसवतात तसे.

"तरी पीठ फुगान येय नाय," मामी म्हणाली. "सकाळी पोळे दडस जायचे. आता कांबळ माळ्यार पडान आसा. परवा बघलंय तर मांजरीन त्यात पिलां घातलेली. किती वर्सां मी ती काढूकच नाय. पीठ उजवाडूच्या आदीच मडक्याभायर येता." तिने कालथ्याने आकाशाकडे दाखवले. "दिसाचा मी काय विचारणा नाय, ता तुमका ठावक. पण रातीचो तुमचो सूर्य खंय आसता? मगे माझा पीठ उबेत कोण ठेवता?"

असे म्हणून ती आत गेली, कारण तव्यावरचा पोळा करपत होता.

मामा हातातली वही तशीच धरून उठले आणि अंगणातल्या खांबापाशी गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी खिशातून चुंबक काढला, नळीजवळ नेला, आणि हात मध्येच थांबला. ते डाव्या नळीकडे बघत होते. डाव्या नळीतला काटा आदल्या रात्रीची थंडी दाखवत तिथे स्वस्थ उभा होता, जसा तो पस्तीस वर्षे रोज सकाळी उभा राहत आला होता. मामांनी वही उघडली. वर्तुळ, डाग, उजवा काटा. वर्तुळ, डाग, उजवा काटा. पान उलटले, ढिगातली आणखी एक वही आणून उघडली. रात्रीचा आकडा कुठेच नव्हता. रात्री सूर्य नसतो, मग रात्रीचे काय लिहायचे, असे पहिल्या दिवशी त्यांना वाटले असणार, आणि पुढे तो प्रश्नच पडला नाही.

ते पायरीवर बसले. "इतकी वर्सां ह्या काट्याक मी रोज हात लायलंय, बाय," ते म्हणाले. "एक दीस वाचलंय नाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. पुस्तकांतून मला हे माहीत होते. सूर्यच तापत असता तर दिवस आधी तापले असते. जगभर रात्रीही निवायच्या कमी झाल्या आहेत, कित्येक ठिकाणी दिवसांपेक्षा जास्त, आणि हे वरच्या पांघरुणाचे काम, चुलीचे नव्हे. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. सोप्यावरच्या इतक्या भांडणांत मी त्यांना एकदाही विचारले नव्हते की मामा, डावा काटा काय म्हणतो? मी नेहमी माझीच पुस्तके पुढे करत राहिले. त्यांच्या वहीत एक रकाना नाही हे माझ्याही लक्षात आले नव्हते. हे मी त्यांना त्या पायरीवर सांगितले. ते ऐकत होते.

सगळे सांगून झाल्यावर म्हणाले, "एका मडक्यावरसून दुनिया ठरना नाय."

"नाय," मी म्हटले. "पण दुनियेन मोजलेला आसा."

"आमी नाय मोजलेला," मामा म्हणाले आणि उठले.

त्यांनी वह्या एकेक करून परत कपाटात लावल्या. मग माळ्यावर ठेवलेला तो लांबलचक आलेख काढला, खाणीच्या नकाशांच्या पाठीवरचा, जो वाचनालयात टांगला होता तो. त्याच्या चार घड्या घातल्या आणि भाणाखाली सरकवला. मी हात धरायला गेले तर म्हणाले, "मोजलेला जाळूचा नसता. बोललेला जाळूचा आसता." त्या पाण्याने त्यांनी आंघोळ केली. मामीने बाहेरून विचारले, पाणी तापले का. आतून उत्तर आले की कोमट आहे.

पुढच्या रविवारी ते वाचनालयात गेले आणि उभे राहून चार वाक्ये बोलले. सूर्य शांत झाला. गरमी उतरली नाही. मी चुकलो. रात्रीचे मी मोजलेच नव्हते, ते आता मोजतो. कोणी हसले नाही, असे मामीने मला सांगितले. एका ट्रकवाल्याने उठून त्यांना खुर्ची दिली.

त्यांनी नवीन वही घेतली. पहिल्या पानावर आकडा नाही. तिथे त्यांच्या नीटस सर्वेअरी अक्षरात लिहिले आहे: 'मागील रात्रींची नोंद नाही. घरातील सांगणे असे: भाचीच्या लग्नाच्या साली मडक्यास कांबळ गुंडाळली होती. धाकट्या पुतण्याच्या मुंजीच्या साली एकदाच. त्यानंतर नाही.' मामीची साक्ष त्यांनी अशी नोंदवून ठेवली, तिला न सांगता. ती मी तिला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली की मुंजीच्या साली दोनदा गुंडाळली होती, आणि मला पेन्सिलीने दुरुस्ती करायला लावली.

तेव्हा मामा सत्तरी ओलांडून गेलेले होते. डाग काढणे त्यांनी सोडले नाही, पण आता सूर्याच्या वर्तुळाशेजारी दोन आकडे असायचे, उजवा आणि डावा. एका अंगणातल्या रात्रींबद्दल काही बोलायचे तर तीस वर्षे तरी हवीत, हे त्यांनीच मला सांगितले होते. मी मनातल्या मनात बेरीज केली. त्यांनीही ती केली असणार. तरी रोज सकाळी काटा वाचताना त्यांचा चेहरा असा असायचा की जणू महिनाअखेरीला निकाल लागणार आहे. पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, तोही आता विचारायचा, "डागमामा, रात किती?" आणि मामा त्याला आकडा सांगायचे.

सात वर्षे त्यांनी रात्री मोजल्या. शेवटच्या वर्षी नजर अधू झाली तेव्हा मामी खांबापाशी उभी राहून वाचायची आणि ते सोप्यावरून लिहायचे. ते गेले तो श्रावणातला दिवस होता. वर्तुळात 'ढग' लिहिलेले होते आणि डावा आकडा भरलेला होता. कार्य आटोपल्यावर मामीने ते थर्मामीटर, चुंबक, तो कोप आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "माका आता चष्म्यानय दिसना नाय. तू घेवन जा." मी म्हटले, अंगण बदलले तर नोंद तुटेल. मामा असते तर हेच म्हणाले असते. ती म्हणाली, "मगे तू हंयसर येवन रव."

मी थर्मामीटर परत त्याच खांबाला लावले, पण राहायला लगेच गेले नाही. दोन वर्षे शेजारच्या मुलीने काटे वाचून फोनवर सांगितले आणि मी लिहून घेतले. निवृत्त झाल्यावर मात्र मी पेडण्याचे घर मुलाकडे देऊन पाळीला आले. मामी होती तोवर आम्ही दोघी, आता मी एकटी. कपाट उघडले तेव्हा खालच्या कप्प्यात कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा सापडला. मी मोजल्या. तीस वर्षांना पुरतील एवढ्या होत्या, आणि प्रत्येक वहीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत रकाने आखलेले होते, मामांच्या पट्टीने, मामांच्या पेन्सिलीने. जुन्या वह्यांत तीन रकाने होते. यांत पाच होते. चौथा डाव्या काट्याचा. पाचव्याच्या वर लिहिले होते: मोजणाऱ्याचे नाव.

त्यांच्या स्वतःच्या वह्यांत हा रकाना कधी नव्हता. लागलाच नव्हता.

मी रोज नऊला अंगणात जाते. सूर्याकडे पाठ करून उभी राहते, कोप उपडा घालून वर्तुळ काढते. उजवा काटा, डावा काटा, माझे नाव. आधी लिहिते, मग चुंबक फिरवते.